एका कागदावर एकच वर्तुळ

आधीच सांगून ठेवतो, ह्यात मी एक अक्षरसुद्धा वाढवून सांगणार नाही. वाढवायला त्या माणसानं जागाच ठेवली नव्हती.

धारूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या कडेवर आमची शाळा. मी तिथं इतिहास शिकवायचो आणि ते गणित. दोघांत मिळून एक खोली भाड्यानं घेतलेली. म्हणायला दोघांची, खरी त्यांची. कारण मी वळकटी घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा खोलीच्या बरोबर मधोमध खडूनं एक फुली मारलेली होती आणि त्या फुलीवर त्यांची बाज.

"हा मूळबिंदू," ते म्हणाले. "शून्य, शून्य."

"आणि मी कुठं?"

"तुमी कुठं बी पडा. फकस्त कुठं पडलाव ते सांगत जा, म्हंजे आमाला ध्यानात ऱ्हाईल."

मग त्यांनी पावलं टाकून मोजलं आणि माझी जागा जाहीर केली. उजवीकडं दोन, खाली तीन. तेव्हापासून मी त्या खोलीत (दोन, वजा तीन) होतो. सकाळी उठले की ते मला नावानं हाक मारायचे नाहीत. "वजा तीन, च्या ठेवा," म्हणायचे. पावसाळ्यात सबंध बीड जिल्हा कोरडा असला तरी आमचं छत गळायचं, आणि गळायचं ते नेमकं (दोन, वजा तीन) मध्ये. तक्रार केली तर म्हणायचे, "थेंबाला बी पत्ता लागतो, सर."

पोरं त्यांना मूळबिंदू सर म्हणायची. नंतर गावही म्हणायला लागलं. शेवटी शेवटी तर बँकेतला शिपाईसुद्धा पासबुक हातात धरून "मूळबिंदू कोन हाय?" असं ओरडायचा आणि हे निर्विकारपणे हात वर करायचे.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस वर्तुळांचा एवढा वेडा, म्हणजे भाकरी कशी चंद्रासारखी थापत असेल. अजिबात नाही. त्यांच्या भाकरीला जिल्ह्याच्या नकाशासारखे एवढे फाटे फुटायचे की आष्टी कुठली आणि अंबाजोगाई कुठली ते बोट ठेवून दाखवता यायचं. मी एकदा चेष्टा केली. त्यांनी तव्यावरून नजर न काढता उत्तर दिलं, "भाकरीला समीकरण नस्तंय. तिला भूक अस्तीय."

फळ्यावर मात्र वेगळी तऱ्हा. कंपास ह्या वस्तूला ते चोरीचा माल समजत. "टोक रवलं, फिरवलं, झाला गोल? मंग तुमाला काय कळालं? कंपासला कळालं!" ते ठिपक्या-ठिपक्यानं गोल आणायचे. आधी दोन अक्ष, मधोमध शून्य. मग म्हणायचे, एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर पंचवीस. कोण कोण बसतंय ह्या पंगतीला? पोरं ओरडायची, तीन आणि चार! तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, झाले पंचवीस, बस. चार आणि तीन! बस. शून्य आणि पाच! बस. वजा तीन आणि चार! वजाचा वर्ग अधिक, तू बी बस. चार आणि चार! सोळा आणि सोळा, बत्तीस. "भाईर! भाईर थांब, तुला पंगत न्हाई." दोन आणि चार! वीस. "तू आत हाईस. तू घरातला, तू मागून जेव." असे ठिपके मांडत मांडत तास संपायच्या सुमाराला फळ्यावर गोल उगवायचा, आणि खरं सांगतो, तो बघून माझ्यासारख्या इतिहासवाल्यालाही भूक लागायची.

एकदा एका पोरानं सांगितलं की ह्या गोलाची त्रिज्या पंचवीस. झालं. "पंचवीस न्हाई बे, पाच! वर्गमूळ काढायला तुजा आजा येनार हाय का?" आणि त्या पोराला त्यांनी शाळेच्या दारापासून पंचवीस पावलं चालायला लावली. ते चिंचेखाली पोचलं. "पाचच्या जागी पंचवीस म्हनलास, म्हून एवढ्या लांब गेलास. आता तितूनच शीक." पोरगं तास संपेपर्यंत चिंचेखालून ओरडून उत्तरं देत होतं. सगळी बरोबर.

त्यांचे अक्ष वर्गात राहणारे नव्हते. दोन लांब दोऱ्या त्यांनी स्वतः रंगवल्या होत्या. तांबडी ती एक्स, पांढरी ती वाय. त्या पिशवीत घालून ते सगळीकडं हिंडायचे. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, म्हस आनायला चाल्लाव का?" हे म्हणाले, "दोऱ्या न्हाईत ह्या. अक्ष हायेत." कंडक्टरही धारूरचाच. म्हणाला, "मंग दोघांचं अर्धं अर्धं तिकीट काढा."

पण अक्ष बरोबर बाळगायचं कारण होतं, आणि तिथंच ह्या माणसाची खरी मेख होती.

पुस्तकात पुढं एक भाग आहे. वर्तुळाचं केंद्र मूळबिंदूवर नसेल, भलतीकडंच असेल, तर समीकरण कसं लिहायचं. एक्समधून काही वजा, वायमधून काही वजा, असला तो प्रकार. सरांनी सबंध वर्गाच्या पुस्तकांतली ती पानं स्टेपलरनं शिवून टाकली होती. एका पोरीनं धाडस केलं. "कावून सर? परीक्षेला येतंय की."

"कावून म्हंजे? आपल्याला पाव्हण्याकडं काम असलं तर आपन त्येच्या घरी जातो, का त्येला उचलून आपल्या वट्ट्यावर आनून ठिवतो? वर्तुळ जितं हाय तितं आपन जायचं. मधोमध उभं ऱ्हायचं. अन् म्हनायचं, हा शून्य. मंग कशाला पायजेत वजाबाक्या?"

बोलायला सोपं होतं. करायला लागले तेव्हा मुख्याध्यापकांची झोप उडाली. गावात जिथं जिथं गोल, तिथं तिथं हा वर्ग. पाण्याची टाकी झाली, पिठाच्या गिरणीचं जातं झालं, मारुतीच्या पाराचा ओटा झाला. विहिरीची पाळी आली तेव्हा अडचण पडली, कारण विहिरीचा मूळबिंदू पाण्यात होता. दुसरा कुणी असता तर काठावरून भागवलं असतं. सरांनी सदरा काढला, दोन्ही अक्ष दातात धरले आणि घेतली उडी. मधोमध पोहत पोहत त्यांनी समीकरण सांगितलं. विहीर खोल, आवाज घुमला. शेजारच्या गावात दहावीच्या वर्गानं ते ऐकून उतरवून घेतलं आणि त्यांचाही तो धडा झाला, असं म्हणतात. मी म्हणत नाही. लोक म्हणतात.

दुसरा नियम त्याहून कडक. एका कागदावर एकच वर्तुळ. दुसरं काढायचं असेल तर दुसरा कागद, दुसरा शून्य. "एका घरात दोन कर्ते झाले की चूल पेटत न्हाई." ह्या नियमापायी पोरांच्या आलेखवह्या महिन्याला संपायच्या, आणि धारूरच्या बाजारातल्या वह्यावाल्यानं त्याच्यावर माडी चढवली. माडीला चौकोनी खिडक्या ठेवल्या म्हणून सर त्याच्यावर रुसले होते.

असा हा माणूस, आणि त्याचं लग्न राहिलेलं.

राहिलेलं म्हणजे ठरता ठरता राहिलेलं. गेवराईकडं चकलांब्याला एक स्थळ होतं. पोरगी शिकलेली, तिला सरांचा फोटो पसंत. तिनं मध्यस्थाकरवी एवढंच विचारलं होतं की गणितवाले आहेत, तर तापट तर नाहीत ना, आणि चुकले तर कबूल करतात का. ह्यावर सरांनी मला विचारलं, "ह्येचं उत्तर काय द्यायचं?" मी म्हटलं, चुकलात की कळेल. तिच्या वडलांची अट मात्र सरळ होती. फोनवरच त्यांनी सांगितलेली. "सर, नोकरी कायम झाल्याची ऑर्डर दाखवा अन् अक्षता टाका. त्येच्या आदी आमी बी येत न्हाई, तुमी बी येऊ नका."

आणि ती ऑर्डर होती आबांच्या खिशात.

आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. घाटाखाली त्यांची जमीन, घाटावर त्यांची जमीन, आणि मधल्या घाटावर त्यांची नजर. पांढरा सदरा, छातीला खिसा, खिशात सगळ्या मास्तरांचं नशीब. सरांचा कागद टाइप होऊन, शिक्का मारून तयार होता; नव्हती ती फक्त सही. सही कधी, म्हणून विचारलं की आबा म्हणायचे, "करू की. पळून चाललोय का मी?" तोवर आम्ही त्यांची कामं करायची. खेळाचे सर त्यांच्या बैलांना फेरफटका मारायचे. मी त्यांच्या घराण्याचा इतिहास लिहीत होतो. त्यात त्यांचा पणजा निजामाशी एकटाच लढलेला होता, आणि दर महिन्याला आबांच्या सूचनेवरून तो आणखी जोरात लढत होता.

उन्हाळ्यात सरांची पाळी आली.

घाटाच्या पायथ्याला आबांचं एक मुरमाड रान होतं. त्यात बाजरी पेरायची होती आणि त्याआधी मेंढरं बसवायची होती. मेंढरं बसवणं म्हणजे धनगरानं आपला कळप रात्रभर रानात कोंडून ठेवायचा. लेंड्या-मूत जमिनीत मुरतं, पीक उठतं. कळपाभोवती दोऱ्याची जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. आज इथं, उद्या तिच्या शेजारी, असं करत सगळं रान फिरायचं. हे काम बिरूदादाकडं होतं. भला दांडगा गडी, खांद्यावर घोंगडं, आवाज असा की शिंकला तर कळप उठून उभा राहायचा. तो जाळी चौकोनी लावायचा, कडेला कड भिडवून, त्याच्या बापानं लावली तशी.

आबांना घाई झाली होती. आभाळ भरायला लागलं होतं आणि जवळजवळ सगळं रान बाकी होतं. त्यांनी सरांना बोलावलं, मीही मागं गेलो. "सर, तुमी गणितवाले. ह्यो बाबा चार पावलं सरकतो अन् दिवस जातो. पेरनीच्या आत उरकाय पायजे. बसतंय का काई गणित?"

सरांनी जाळीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा उपाशी माणसाला कुणी नुसते सांडगे वाढल्यावर होतो.

"चौकोनी कावून लावली?"

"मंग कशी लावू?" बिरूदादा म्हणाला.

"गोल लाव. त्येवढ्याच जाळीत सव्वापट जागा व्हती. सव्वापटीच्या वर थोडी, पन तू सव्वापट धर."

"जाळी न जोडता?"

"न जोडता."

सरांनी खुंटी ठोकली. "हा शून्य." खुंटीला दोरी, बारा हातांवर फक्कीची पुडी, आणि फिरले. हा कंपासच की, असं मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. चुन्याचा पांढरा गोल उठला. त्यावर जाळी लावली, कळप आत घातला, आणि खरंच, एरवी एकमेकांच्या पाठीवर बसणारी मेंढरं त्या गोलात हातपाय पसरून बसली. काही तर आडवी झाली. बिरूदादानं पटका काढून हवेत उडवला. "आयला, सर! ह्ये तर जाळीला पोरं झाली!"

तिथून पुढं रोज नवी खुंटी, रोज नवा शून्य, आणि सरांच्या हातात रोज नवा कागद. एक गोल झाला की कागद पिशवीत, दुसरा बाहेर. गोलाला गोल अगदी गालाला गाल लावल्यासारखा भिडलेला. काम झपाट्यानं उरकायला लागलं. बिरूदादा तर चेलाच झाला. एखादं मेंढरू जाळीबाहेर निसटलं की तो कुत्र्यांना हाक द्यायचा, "भाईर गेली बे! बेरीज जास्ती झाली हिची, आना आत!" आणि कुत्री, तुमच्या गळ्याशपथ, बरोबर तेच मेंढरू हुडकून आणायची.

दोन गोलांच्या मधी काय राहतंय, हे कुणीच बघितलं नाही. आबा दिवसांकडं बघत होते. बिरूदादा मेंढरांकडं बघत होता. मी चहा कुठून येतो तिकडं बघत होतो. आणि सर एका वेळी एकच वर्तुळ बघत होते.

पाऊस वेळेवर झाला, पेरणी झाली, बाजरी उगवली. श्रावणात मी धारूरच्या बाजाराला गेलतो. येताना घाटाच्या वळणावर पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या. माणसं कठड्यावर चढून खाली बघत होती. मला वाटलं जीप दरीत गेली. मीही बघितलं.

खाली आबांचं रान होतं. त्यात काळीभोर हिरवी बाजरी, पुरुषभर उंच, गोल गोल गोल. एकाला एक चिकटलेले, ओळीत मांडलेले, परातीनं छापल्यासारखे. आणि चार गोल जिथं जवळ येत होते तिथं मधोमध एक पिवळी, खुरटी, गुडघ्याएवढी चांदणी. गोल, चांदणी, गोल, चांदणी. सबंध रान असं दिसत होतं जसं कुणी देवानं दहावीचा पेपर सोडवायला घेतलाय.

मी खोलीवर येऊन सरांना सांगितलं. ते बाजेवर बसले होते, शून्यावर. "लई भारी दिसत आसंल," म्हणाले. मी म्हटलं, "सर, चांदण्या पण दिसतात." ते म्हणाले, "दिवसा?"

दोन दिवसांत जिल्हा लोटला. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका पोरानं ड्रोन उडवला आणि ते चित्र फोनाफोनी फिरलं. कुणी म्हणालं उडती तबकडी उतरली होती. कुणी नारळ फोडला. दिंद्रुडच्या एका बाईनं नवस बोलला आणि तिची हरवलेली शेळी त्याच सांजेला सापडली. ती त्याच बाजरीत चरत होती ही गोष्ट वेगळी. हे सगळं आबांनी चालवून घेतलं असतं. पण आबांच्या विरोधी पार्टीवाल्यानं चौकात उभं राहून एकच वाक्य टाकलं, आणि ते वाक्य ड्रोनपेक्षा उंच उडालं.

"आबाच्या रानाला नायटा झालाय. मलम लावा म्हनावं."

त्याच दिवशी सरांना सांगावा आला. रानात या.

आम्ही गेलो तर बांधावर जत्रा. आबा मधे उभे, सदरा घामानं चिकटलेला. एका बाजूला बिरूदादा, घोंगडं हातात धरून, पहिल्यांदाच गप्प. आबांनी सरांना पुढं ओढलं आणि हळूच बोलले, पण आबांचं हळू म्हणजे बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सर, इज्जत चालली माजी. एकच सांगा. जाळी कुनी लावली?"

"बिरूदादानं."

"मंग झालं तर! त्येनं वाकडी लावली. तुमी सांगितलं एक, त्येनं केलं भलतंच. एवढं ह्या लोकांपुढं म्हना. तुमी मोकळे, मी मोकळा." आणि त्यांनी खिशातून कागद काढला. उलगडला. पेनचं टोपण काढलं. "ह्यो बगा. सहीच करायची ऱ्हायलीय."

सरांनी तसं म्हटलं असतं, तर ह्या सगळ्या भागात बिरूदादाच्या मेंढरांना पुन्हा कुणी रान दिलं नसतं. धनगर रानात फसवतो, असं एकदा बोललं गेलं की कळप विकून मोकळं व्हायचं. तो सरांकडं बघत होता. मी कागदाकडं बघत होतो. त्या कागदात मला चकलांबा दिसत होता, मुंडावळ्या दिसत होत्या, आणि खरं सांगायचं तर सर लग्न करून गेल्यावर रिकामा होणारा शून्यही दिसत होता.

सर म्हणाले, "वाकडी?"

"व्हय. वाकडी."

"कोन म्हनतंय वाकडी?"

आणि सर पेटले. पिशवीतून दोरी काढली. "बिरूदादा, जा, मधी उभं ऱ्हा. धर ह्ये टोक!" बिरूदादा बाजरीत घुसला. सरांनी दोरी बारा हातांवर ताणली आणि पिकाच्या कडेनं चालायला लागले. जिथं दोरी संपत होती, बरोबर तिथं हिरवी बाजरी संपत होती. "ह्ये बगा! ह्ये बी बगा! कुटं वाकडं हाय? आबा, बोट ठिवा! आरं, ह्या गड्यानं जाळी लावली का सोनाराची तार? बाजरीचं एक ताट हिकडं न्हाई, एक ताट तिकडं न्हाई! वाकडी म्हनं! डोळे वाकडे असत्याल बगनाऱ्याचे!"

आबांचे डोळे सरळ होते आणि लाल होत चालले होते. "असं? मंग ह्यो मधला पिवळा कुनाचा?"

सर थांबले. दोरी सैल पडली. मला वाटतं, त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा दोन गोल एकदम बघितले. ह्या गोलाकडं बघितलं, त्या गोलाकडं बघितलं, मग मधल्या खुरट्या चांदणीत जाऊन उकिडवे बसले. एक पिवळं पान हातात घेतलं.

"ह्यो माजा," सर म्हणाले.

"म्हंजे?"

"माजी चूक हाय. बिरूदादाचं काईच न्हाई. दोन गोल मी एका कागदावर कदी काढलेच न्हाईत. काढले असते तर ही फट पहिल्याच दिवशी दिसली असती. सव्वापट जागा कमावली म्हनलो, अन् रानाचा पाचवा हिस्सा उपाशी ठिवला." मग उठता उठता त्यांना राहवलं नाही. "पन बगा आबा, चूक बी कशी चारी अंगानं सारकी आलीय!"

एवढं बोलून ते सरळ बाजरीत शिरले. खुंटीचं भोक अजून आहे का ते बघायला.

आबांनी कागदाची घडी घातली. कागद खिशात गेला. "ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाले. तेवढंच.

माझ्या शेजारी मघापासून एक पाहुणा उभा होता. धोतर, टोपी, हातात मोटारसायकलची किल्ली. त्यानं मला विचारलं, "ह्येच का ते गणिताचे सर?"

"व्हय."

"कायम झालेत?"

"होत होते. आत्ताच राहिलं, तुमच्या डोळ्यांदेखत."

पाहुण्यानं टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "मी चकलांब्याचा," तो म्हणाला. "चौकशीला आलतो. न सांगता."

मी काहीतरी सावरायला गेलो, पण पाहुणा पुढं झाला आणि आबांना रामराम घालून सगळ्यांदेखत बोलला.

"आबा, मी ऑर्डर बगायला आलतो. ती तुमच्या खिशात गेली, म्या बगितलं. जाऊ द्या. पोरीनं एक गोष्ट इचारली व्हती, चुकले तर कबूल करतेत का. म्या म्हनलं, बाई, असला गडी म्या अजून बगितलेला न्हाई, आपल्या घरात धरून, माज्यासकट. आज बगितला. दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची सोय आयती समोर ठिवली व्हती, वर बक्षीस बी व्हतं. न्हाई घेतलं. पोरगी ह्यांनाच देनार. नोकरीचं तुमचं तुमी बगा."

आता खरं सांगू? सर त्या वेळी धनगराला वाचवायला उभे राहिले की गोलाला, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. पण जुळत्या सोयरिकीत शंका काढायला मी काय खुळा आहे?

लोकांत कुजबूज झाली. मग एक शेतकरी पुढं आला आणि बिरूदादाच्या कानाशी लागला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "दादा, आत अन् भाईर एवढा फरक? माज्या रानात कवा बसवता मेंढरं?" दुसरा म्हणाला, "आदी माज्यात." तिसरा म्हणाला, "चौकोनी लावा पन." बिरूदादाचा आवाज परत आला. "लायनीत या! लायनीत!"

आबांनी हे बघितलं. आबांना बाकी काही कळो न कळो, गर्दी कुठल्या अंगाला कलते ते कळतं. त्यांनी मला खांद्याला धरून फिरवलं, वाकवलं, माझ्या पाठीवर कागद पसरला आणि खसाखसा सही केली. मला ती मणक्यात जाणवली. "मंडळी," आबा ओरडले, "लेंडीखत काय करतं त्ये लोकांला डोळ्यानं दिसावं म्हून ह्यो प्रयोग मीच करायला लावला व्हता!" टाळ्या पडल्या. सहीखाली तारीख मात्र टाकली नाही. ती त्यांनी दिवाळीपर्यंत हातची राखून ठेवली.

तेवढ्यात बाजरी हलली आणि सर बाहेर आले. केसांत परागकण, सदऱ्याला चिखल, चेहरा असा उजळलेला की जसं काही झालंच नाही. खुंटीचं भोक जागेवर होतं म्हणाले. मग त्यांना दिसलं की सगळा बांध त्यांच्याकडं बघून हसतोय, आबा कागद पुढं करतायत, आणि एक अनोळखी धोतरवाला माणूस अगदी जवळ येऊन त्यांच्या सदऱ्यावरचा चिखल झटकतोय.

"तुमी कोन?" सरांनी विचारलं.

"अजून कोनीच न्हाई," पाहुणा म्हणाला. "ऐतवारी चकलांब्याला या. मंग ठरवू कोन त्ये."